दुखणं तुमचं, प्रश्न तुमचे : घरबसल्या दुखण्याचा ऑनलाइन प्रोग्राम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी एक ओळ लिहून गेले होते, की दुखणं वर्षानुवर्षांचं असेल आणि तपासण्या, गोळ्या, फिजिओ सगळं करून झालं असेल तर एखादा ऑनलाइन सेल्फ-हेल्प प्रोग्राम करून बघा, म्हणजे दुखण्यासोबत कसं जगायचं ते फोनवर किंवा कॉम्प्युटरवर धड्याधड्याने शिकवणारा कोर्स. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, जुनी दुखणी घेऊन येणाऱ्या माणसांबरोबर बरीच वर्षं काम करतेय, त्यातल्या अनेकांनी असे प्रोग्राम केलेत, काहींनी अर्धवट सोडलेत, तर त्यांच्याकडून जे शिकले तेच सांगते. नावं कोणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, माझं वय ४६. सहा वर्षं कंबर दुखतेय. दोन एमआरआय झाले, मणक्यात थोडा गॅप आहे म्हणाले, पण ऑपरेशन करण्यासारखं काही नाही. आता डॉक्टरांनी एक ऑनलाइन प्रोग्राम करायला सांगितलाय. उघडला तर पहिल्याच धड्यात ताण, विचार, भावना. मी तिथेच बंद केला. माझी कंबर दुखते हो, डोकं नाही. म्हणजे सहा वर्षं मी सोंग करतेय असंच म्हणणं आहे ना यांचं?

नाही हो. तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, कारण हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, आणि चूक बहुतेक वेळा सांगणाऱ्याची असते. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहून "हा प्रोग्राम करा" म्हटलं की समोरच्याला वाटणारच, आता यांनी हात झटकले.

आधी एक सांगते. दुखण्याचा अभ्यास करणारी जगभरातली जी संघटना आहे, आयएएसपी, तिने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्याने लिहिली, आणि तिच्याबरोबर ज्या टिपा दिल्या त्यात स्वच्छ लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणतो तर त्याच्या म्हणण्याचा मान राखायचा. रिपोर्टमध्ये काही दिसो न दिसो. त्यामुळे सोंग हा शब्द तुमच्या मनातून आधी काढून टाका.

आता एमआरआयचं. मणक्यात गॅप, गादी झिजली, गादी सरकली हे शब्द एकदा कानावर पडले की माणूस वाकायलाच घाबरतो. पण पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या स्कॅनचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा छापून आला, त्यात विशीतल्या लोकांमध्येसुद्धा ३७ टक्क्यांच्या मणक्यातल्या गाद्या झिजलेल्या दिसत होत्या, आणि ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्के. यांच्यापैकी कोणालाच दुखत नव्हतं! केस पांढरे होतात तसंच बरंचसं हे असतं. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला गॅप खोटा नाही, पण सहा वर्षांच्या सगळ्या दुखण्याचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

मग दुखतं का? तुम्ही हे घरीच अनुभवलंय. गडबडीत कुठेतरी मांडी आपटते, तेव्हा कळतही नाही, आणि रात्री कपडे बदलताना काळानिळा डाग दिसतो आणि आपण म्हणतो अरे, हा कधी पडला. तिथे इजा होती पण दुखणं नव्हतं. याच्या उलटही होतं, इजा भरून निघते आणि दुखणं मागे राहतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलं की त्याला जुनाट म्हणतात. एवढे दिवस तेच तेच संदेश जात राहिले की नसा आणि मज्जारज्जू जास्त हळवे होतात, जिथे आधी हलकासा ताण जाणवला असता तिथे आता कळ येते. आणि हा हळवेपणा कमीजास्त होतो तो झोप, भीती, थकवा, घरातली भांडणं, एकटेपणा या सगळ्याने. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, कोणता संदेश वर किती जोरात जाऊ द्यायचा ते तिथे ठरतं, आणि मेंदूकडून खाली येणारे संदेशसुद्धा ते फाटक उघडझाप करतात. पुढे त्यात पुष्कळ दुरुस्त्या झाल्या पण मुद्दा टिकला. गुडघा आपटल्यावर आपण तिथे चोळतो आणि बरं वाटतं, ते त्यामुळेच.

तर तो धडा तुमच्या कंबरेबद्दलच आहे, फक्त फार आडवाटेने आलाय. माझं स्वतःचं मत विचाराल तर असे धडे पहिल्या आठवड्यात ठेवणं हीच चूक आहे, दुखणाऱ्या माणसाला आधी काहीतरी करायला द्यावं. तुमच्या प्रोग्राममध्ये पुढचा धडा उघडता येत असेल तर सरळ हालचालीच्या किंवा कामाची आखणी करण्याच्या धड्यापासून सुरू करा, विचारांचा धडा नंतर बघा, तेव्हा तो टोचणार नाही.

एक मात्र कुठलाही प्रोग्राम सुरू करण्याआधी सगळ्यांनीच लक्षात ठेवायचं. लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला बसायचा भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होत जाणं, दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, आधी कॅन्सर होऊन गेलेला असताना नव्याने सुरू झालेलं दुखणं, मोठी पडझड झाल्यानंतरचं दुखणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर. पहिल्या दोन-तीन गोष्टी तर त्याच दिवशी, थांबायचंच नाही.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा, मान आणि खांदा दुखतो, चार वर्षं झाली. ८ आठवड्यांचा ऑनलाइन प्रोग्राम सुरू केला होता. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस इतकं मस्त वाटलं की माळा साफ केला, गाडी धुतली, पंखे पुसले. पुढचे चार दिवस मान वळवता येईना. प्रोग्राम सोडून दिला. समोर माणूस नसताना या गोष्टींचा उपयोग होतो का हो? की मलाच जमत नाहीये?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाच्या लोकांनी त्यांचा 'पेन कोर्स' नावाचा प्रोग्राम ४९० लोकांवर तपासून पाहिला, आठ आठवडे, पाच धडे. काहींना दर आठवड्याला तज्ज्ञाचा फोन किंवा मेसेज, काहींना हवं असेल तेव्हाच, काहींना जवळपास काहीच नाही, आणि एक गट नुसता वाट बघणारा. वाट बघणाऱ्यांच्या तुलनेत बाकी तिन्ही गटांना फायदा झाला आणि त्या तिघांमध्ये फारसा फरक निघाला नाही. म्हणजे समोर माणूस नसताना उपयोग होऊ शकतो. पण हेही खरं की असे सगळे अभ्यास एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे काढणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये जो आढावा काढला त्यात सरासरी फायदा छोटाच दिसतो, दुखणं थोडं कमी, कामं थोडी जास्त जमणं. मी हा छोटा शब्द लपवत नाही. वीस मिनिटं बसता येत होतं ते चाळीस मिनिटं यायला लागलं तर ज्याचं त्याला कळतं ते केवढं आहे.

आता माळ्याचं. तुमच्या बाबतीत प्रोग्राम फसलेला नाही, उलट तुम्ही सगळ्यात महत्त्वाच्या धड्यापर्यंत पोचला होता आणि तिथून परत फिरलात. बरं वाटलेला दिवस हाच आपला अवघड दिवस असतो. वाईट दिवशी माणूस आपोआप पडून राहतो, त्याला काही शिकवावं लागत नाही. चांगल्या दिवशी मात्र साठलेली सगळी कामं डोळ्यांसमोर येतात, घरच्यांना आपण काहीतरी करतोय हे दाखवायचं असतं, आणि मनात भीती असते की उद्या परत दुखेल तर आजच उरकून घेऊ. मग उरकतो आणि चार दिवस जातात, आणि त्या चार दिवसांत अंगातली ताकद आणखी थोडी जाते, म्हणजे पुढचा चांगला दिवस आधीच्यापेक्षा आखूड.

याच्यावर उपाय म्हणून जे शिकवतात त्याला पेसिंग म्हणतात. विल्बर्ट फोर्डाइस नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७० च्या दशकात हे फार आग्रहाने मांडलं की दुखेपर्यंत काम आणि दुखलं की आराम ही जोडी तोडायची, कधी थांबायचं ते दुखण्याने ठरवायचं नाही, आधी ठरलेल्या मापाने ठरवायचं. वाचायला सोपं आहे. करायला किती अवघड ते माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंचं सांगते.

त्यांचा खांदा. इस्त्री करायला उभं राहिलं की ठणका सुरू. आम्ही तीन वेगवेगळ्या दिवशी घड्याळ लावून पाहिलं, दुखणं वाढेपर्यंत किती मिनिटं जातात. १४, ९ आणि १०. सरासरी आली ११. त्यातून साधारण वीस टक्के कमी करायचे, म्हणजे ९ मिनिटं. ही त्यांची सुरुवात. दिवस चांगला असो की वाईट, ९ मिनिटं इस्त्री, टायमर वाजला की बंद, मग बसायचं किंवा दुसऱ्या हाताचं काहीतरी काम, मग हवं तर परत ९. पहिल्या दिवशी टायमर वाजला तेव्हा शर्टाची एक बाही झाली होती आणि दुसरी तशीच चुरगळलेली. बाई म्हणाल्या, मला रडूच आलं, एक बाही राहिलीय आणि मी स्विच बंद करायचा? खांदा तर दुखतही नव्हता तेव्हा. पण बंद केला त्यांनी. तो शर्ट दिवसभर तसाच टांगलेला होता, येताजाता दिसत होता, आणि त्या म्हणतात की त्या दिवशी जे शिकले ते बाकी आठ आठवड्यांत नाही शिकले. दुखायच्या आधी थांबणं म्हणजे काय ते त्यांना शर्टाकडे बघून कळलं. पुढे दर आठवड्याला एखादंच मिनिट वाढवलं.

तर तुम्ही एक करा, प्रोग्राम तिसऱ्या आठवड्यापासूनच परत उघडा, पहिल्यापासून नको, पहिल्यापासून सुरू करणारे तिसऱ्या आठवड्यात परत अडकतात हे मी खूप बघितलंय. एकच काम निवडा. गाडी धुणं असेल तर गाडी धुणं. तीनदा वेळ मोजा, कमी करा, टायमर लावा. आणि एक बाजू धुवून झाली, दुसरी धुळीने भरलेली अशी गाडी रात्रभर उभी राहू द्या. लोक काय म्हणतील ते म्हणू देत.

मलाच जमत नाहीये का, असं विचारलंत. पहिल्या खेपेला हे कोणालाच जमत नाही. घसरलं की ते वहीत लिहायचं, किती केलं, किती दिवस गेले, बस. दोन-तीनदा लिहिलं की आपली वेळ आपल्यालाच कळायला लागते.

प्रश्न : नोकरी, घर, लहान मूल. मला पाठदुखी आहेच पण आठ आठवडे कुठून आणू? सगळा प्रोग्राम केलाच पाहिजे का?

नाही केला तरी चालेल, आणि हे मी मनाने सांगत नाहीये. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एम्पावर्ड रिलीफ नावाचा एकच, दोन तासांचा वर्ग आहे. जुन्या कंबरदुखीच्या २६३ लोकांवर झालेला त्याचा अभ्यास २०२१ मध्ये छापून आला, त्यात तीन महिन्यांनी पाहिलं तर दुखण्याची धास्ती कमी होण्यात हा दोन तासांचा वर्ग सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीच्या, आठ सेशनपेक्षा मागे पडला नाही. तो अभ्यास समोरासमोर बसून झालेला होता, पण आता हा वर्ग व्हिडिओ कॉलवरही घेतला जातो.

पण गंमत बघा, दोन तासांत जे शिकवतात त्यातलं मुख्य म्हणजे सावकाश श्वास, शरीर सैल सोडणं आणि "आता हे वाढतच जाणार" या विचाराला वेळेवर ओळखणं, आणि वर्गाच्या शेवटी स्वतःचा एक कागद तयार करायचा की मी रोज काय करणार. तो कागद नंतर रोज वापरावा लागतोच. म्हणजे दोन तास हे शिकण्याचे झाले. रोजची दहा मिनिटं काढावीच लागतील, मूल झोपल्यावर म्हणा किंवा बसमध्ये कानात हेडफोन घालून म्हणा. तेवढी निघत नसतील तर घरातलं कोणतं काम दुसऱ्याने करायचं ते आधी घरात बोला, प्रोग्राम नंतर.

प्रश्न : ताई, माझ्या बाबांना दीड वर्षापूर्वी नागीण झाली होती. पुरळ गेलं पण छातीच्या एका बाजूला आग होते, बनियन घासला तरी कळवळतात. वय ७१. मी त्यांना एक ऑनलाइन कोर्स दाखवला तर ते इंग्रजीत आहे म्हणून बघत नाहीत, आणि मी मागे लागले की चिडतात. काय करू?

तुमची तळमळ कळतेय, पण आधी बाबांचं दुखणं समजून घेऊया. नागिणीनंतरचं दुखणं हे नसेचंच दुखणं असतं, विषाणूने ती नस बिघडवलेली असते, म्हणून कापडाचा स्पर्शसुद्धा आगीसारखा लागतो. याच्यावर नसांच्या दुखण्यासाठीची वेगळी औषधं असतात, बधिर करणाऱ्या पट्ट्यासुद्धा मिळतात, साध्या पेनकिलरने त्याला फारसा फरक पडत नाही. तर बाबांना हे उपचार मिळाले आहेत का, पुरेशा डोसमध्ये पुरेसे दिवस दिले गेले का, हे डॉक्टरांना परत एकदा विचारा. ते राहिलं असेल आणि आपण कोर्स दाखवत बसलो तर बाबांचं चिडणं बरोबरच आहे.

औषधं नीट चालू असतील तर मग कोर्सचं बघू. बरेचसे चांगले प्रोग्राम इंग्रजीतच आहेत ही खरी अडचण आहे आणि मला तिचं फार वाईट वाटतं, कारण दुखण्याची भाषा ही आईच्या भाषेतलीच असते. ठणका, कळ, चमक, सणक, आग, चावल्यासारखं, पिळल्यासारखं, मुंग्या, हे सगळं बाबा एका क्षणात सांगतील आणि प्रोग्राममध्ये मात्र शून्य ते दहा आकडा विचारतात.

म्हणून कोर्स तुम्ही बघा. तुम्ही, बाबा नाही. आठवड्यात एक धडा बघायचा, त्यातली एकच गोष्ट उचलायची आणि ती तुमच्या शब्दांत बाबांना सांगायची, शक्यतो दोघं मिळून करायची. समजा सैल पडण्याचा सराव आहे. पायाच्या बोटांपासून सुरू करून एकेक स्नायू पाच-सहा सेकंद आवळायचा आणि सोडायचा, वर चेहऱ्यापर्यंत यायचं. आगीची जागा छातीवर आहे तर तिथे आवळायला सांगूच नका, तेवढा भाग सोडून द्या. तुमच्या आवाजात ते रेकॉर्ड करा आणि त्यांच्या फोनवर एकाच बटणावर लागेल असं ठेवून द्या. माझ्या एका पेशंटच्या मुलाने हे केलं होतं, आजोबा रात्री तो आवाज लावून झोपायचे, कोर्सचं नावसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

आणि मागे लागू नका हो. "केलंत का आज?" हा प्रश्न रोज आला की तो सराव राहत नाही, शाळेचा गृहपाठ होतो. त्यापेक्षा त्यांना विचारा, या दुखण्याने तुमचं काय सुटलं जे परत करावंसं वाटतं? मित्रांबरोबर फेरी असेल, बाग असेल, काहीतरी असेलच. तिथून सुरू करा. त्या फेरीतली पहिली पाच मिनिटं, सैल सुती कपड्यात.

प्रश्न : फोनवर सारखी जाहिरात येते, '२१ दिवसांत जुनाट दुखणं मुळापासून गायब, गोळ्या बंद, गॅरंटी'. व्हिडिओत लोक रडत रडत सांगतात की आम्ही बरे झालो. पैसे बरेच आहेत. भरू का?

नको. गॅरंटी या शब्दावरच थांबा.

मी कारण सांगते. जे लोक हे काम मनापासून करतात ते दुखणं पूर्ण जाईल असं वचन देत नाहीत, कारण त्यांना अभ्यासातले आकडे माहीत असतात. काही जणांचं दुखणं खूप कमी होतं, अगदी जातंसुद्धा. अमेरिकेत एका उपचारपद्धतीच्या अभ्यासात, पेन रीप्रोसेसिंग थेरपी तिचं नाव, दुखतंय म्हणजे इजा होतेय असं नाही हे त्यात मेंदूला शिकवतात, कंबरदुखीच्या १५१ लोकांपैकी ज्या गटाला ती दिली त्यातले ६६ टक्के लोक दुखण्यातून पूर्ण किंवा जवळपास मोकळे झाले. हा आकडा खरा आहे, जाहिरातवालेसुद्धा असेच आकडे वापरतात. पण ते लोक निवडून घेतलेले होते, दुखणं मध्यम होतं, आणि थेरपिस्ट समोर बसून आठ सेशन घेत होता. ते सगळं गाळून तोच निकाल फोनवरच्या व्हिडिओतून मिळेल असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

पैसे भरण्याआधी जरा शोधा की बनवलाय कोणी, त्यांची नावं आणि शिक्षण दिलंय का, हा प्रोग्राम लोकांवर तपासलाय का की नुसते रडणारे व्हिडिओ आहेत. सुरुवातीला तुमच्या आजारपणाबद्दल प्रश्न विचारतात का, म्हणजे मघाशी मी जी धोक्याची लक्षणं सांगितली ती असतील तर आधी डॉक्टरकडे जा असं म्हणतात का? जो प्रोग्राम कोणालाही न विचारता घेतो त्याला तुमच्या तब्येतीची काळजी नाही. गोळ्या बंद करायला सांगतो तोही नको. सोबत पावडर, तेल, पट्टा विकतो तोही नको. आणि हो, तुम्ही त्यात रोज लिहिणार की आज मूड कसा होता, झोप झाली का, नवरा-बायकोत काय झालं, तर ती माहिती कुठे जाते, अकाउंट पुसून टाकता येतं का, हेही बघा. याच्याकडे कोणी लक्षच देत नाही.

फुकट आणि चांगले प्रोग्राम आहेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लोकांच्या कामातून तयार झालेला आठ सेशनचा 'पेनट्रेनर' आहे, ब्रिटनमध्ये 'लिव्ह वेल विथ पेन'वाल्यांचा दहा पायऱ्यांचा 'टेन फुटस्टेप्स' आहे. दोन्ही इंग्रजीत, पण भाषा साधी. आधी हे बघा, पैसे कुठे पळून जात नाहीत.

प्रश्न : प्रोग्राम सुरू केल्यावर गोळ्या बंद करायच्या का? मला वाटतं गोळ्या चालू असतील तर प्रोग्रामचा फायदा कळणारच नाही.

स्वतःहून बंद करू नका, कृपा करून. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, डिप्रेशनच्या गटातल्या ज्या दुखण्यासाठी देतात त्या, आणि अफूच्या गटातल्या जोरदार गोळ्या एकदम सोडल्या तर अंगाला त्रास होतो, झोप उडते, घाबरं होतं, काही गोळ्यांच्या बाबतीत फिट येण्याचाही धोका असतो, आणि मग वाटतं दुखणंच परत उसळलं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं खरं की ज्या जुनाट दुखण्यामागे दुसरा आजार सापडत नाही त्याच्यासाठी पॅरासिटामॉलपासून अफूच्या गोळ्यांपर्यंत बरीच औषधं नव्याने सुरू करू नयेत, पण तिथेही आधीपासून चालू असलेली एका दिवसात तोडा असं म्हटलेलं नाही. प्रोग्राम दोन-तीन महिने करा, वहीत काय काय जमायला लागलं ते लिहा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, डोस हळूहळू उतरवता येईल का ते त्यांच्याबरोबर ठरवा.

प्रश्न : हे पत्र माझ्या बायकोबद्दल आहे. तिला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर दुखणं आणि थकवा, पाच वर्षं. ती असा प्रोग्राम मनापासून करतेय, सहावा आठवडा चालू आहे. मी काय करायचं ते मला कोणी सांगत नाही. मी रोज विचारतो आज कसं आहे, जड काही उचलू देत नाही, तिची कामं मीच करून टाकतो. तरी परवा ती म्हणाली, तू मला आजारीच ठेवतोस. मला ते फार लागलं.

लागणारच. पाच वर्षं तुम्ही तिच्यासाठी धावताय आणि हे ऐकायला मिळालं. पण तुम्ही लपवलं नाहीत, विचारलंत, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

ती तुमच्यावर चिडलेली नाही असं मला वाटतं. सहाव्या आठवड्यात बहुतेक जण अशा जागी येतात की थोडं थोडं करता यायला लागलेलं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी घरातला माणूस प्रेमाने ते काम हातातून काढून घेतो. तिने बादली अर्धी भरून उचलायचं ठरवलेलं असतं, कारण तिच्या आखणीत या आठवड्यात अर्धी बादली आहे, आणि तुम्ही धावत येऊन ती घेता. तुमच्यासाठी ती मदत. तिच्यासाठी त्या दिवसाचा सराव गेला.

आणि रोज सकाळी आज कसं आहे विचारलं की तिला उत्तर द्यायला आधी अंगभर शोधावं लागतं, कुठे किती दुखतंय, आणि शोधलं की सापडतं. एवढाच बदल करून बघा, हा प्रश्न महिनाभर सोडून द्या. त्याच्या जागी विचारा, आज तुझ्या कागदावर काय आहे? त्यात माझं काही काम आहे का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण कधी ती म्हणेल हो, टायमर वाजला की मला थांबव, कधी म्हणेल वरचं कपाट तू कर, आणि कधी म्हणेल काही नाही. काही नाही म्हणाली तर खरंच काही करायचं नाही, खोलीतून बाहेर गेलात तरी चालेल, बघत उभं राहणं सगळ्यात कठीण असतं.

वाईट दिवस परत येणारच आहेत, प्रोग्राम कितीही चांगला झाला तरी. त्यासाठी ती बरी असताना दोघांनी बसून एक कागद लिहा. दुखणं उसळलं तर पहिल्या दिवशी कोणती कामं पूर्ण बंद, कोणती अर्धी, आंघोळ आणि घरातल्या घरात चार फेऱ्या मात्र चालूच, डॉक्टरांनी सांगितलेली कोणती गोळी कधी घ्यायची, फोन कोणाला करायचा, मुलांना काय सांगायचं, आणि तिसऱ्या दिवसापासून परत कुठून सुरू करायचं. तुमचं काम काय तेही त्याच कागदावर तिच्याच अक्षरात लिहून घ्या. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार नाही आणि तुम्हा दोघांना रोज दिसेल.

ती म्हणाली ते तुम्हाला लागलं, हेही तिला सांगा. आज संध्याकाळीच सांगितलं तरी चालेल.